लॉकर पुढे बसवावा की मागे?

चिखलात जीपचं एक चाक हवेत गरगर फिरतं आणि जमिनीला टेकलेलं दुसरं जागचं हलत नाही. हा दोष इंजिनाचा नाही, डिफरन्शियलचा आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. जोर मात्र दोघांना सारखाच देतं. एकाची पकड सुटली की दुसऱ्यालाही तेवढाच तोकडा जोर मिळतो. लॉकर दोन्ही चाकं एकत्र जखडतो, मग पकड असलेलं चाक गाडी बाहेर काढतं.

एकच लॉकर परवडत असेल तर मागे बसवा. चढावर गाडीचं वजन मागच्या चाकांवर येतं, जोर तिथेच उपयोगी पडतो. शिवाय स्टिअरिंगला त्रास कमी होतो. पुढचा लॉकर लावला की स्टिअरिंग जड होतं, गाडी सरळच जाऊ पाहते आणि चाकं वळलेली असताना रेस दिली तर अ‍ॅक्सलचा सांधा तुटू शकतो. मात्र उंच दगडी पायरीवर पुढची चाकं चढवायची असतील, तर त्याचं मोल कळतं. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला दोन्ही लॉकर कंपनीतूनच येतात. महिंद्राच्या फोर-बाय-फोर थार रॉक्सला फक्त मागचा.

कुठलाही लॉकर अवघड जागेपुरताच लावा आणि डांबरी रस्त्यावर येण्याआधी आठवणीने सोडा.