बुळकांडी ते लम्पी: गोठ्यातल्या बोलण्याची तीस वर्षं

लस टोचली की दूध आटतं, गाभण गाय गाभडते. मराठवाड्यात जनावरांच्या डॉक्टरला ही शंका सिरिंज भरण्याआधीच ऐकावी लागते. ‘काही होत नाही हो,’ म्हणून ती उडवून लावली आणि दूध खरंच कमी झालं, तर पुढच्या खेपेला मालक घरी सापडत नाही. ‘दोन-तीन दिवस दूध कमी येईल, मग भरून येईल,’ असं आधी सांगितलं, तर तोच दावं धरायला पुढे येतो.

हे बोलणं बराच काळ अनुभवातूनच शिकलं गेलं. 1992 पासून बुळकांडी (रिंडरपेस्ट) या गुरांच्या रोगाच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय प्रकल्प चालला, तेव्हा पशुवैद्यक गावोगाव विचारत फिरले: या रोगाची लक्षणं कुठं दिसली का? उत्तर बहुधा गुराख्याकडे असायचं. 2006 साली भारत या रोगातून मुक्त ठरला, 2011 साली सगळं जग.

डॉक्टर घडवणारं एक पशुवैद्यकीय महाविद्यालय देवणी गायीच्या मुलखात, उदगीरला आहे. 2016 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने पदवी साडेपाच वर्षांची केली. त्यातलं एक वर्ष इंटर्नशिपचं, प्रत्यक्ष कामातून शिकण्याचं. पुढे 2020 च्या टाळेबंदीत देशभरातले वर्ग मोबाइलवर आले.

ऑगस्ट 2022 मध्ये राज्यात लम्पी या गुरांच्या त्वचारोगाची साथ भडकली. जनावरांचे बाजार बंद झाले. दूध पिऊ नका, अशा अफवा व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. हा रोग माणसाला होत नाही, हे डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. दगावलेल्या गायीमागे 30,000, बैलामागे 25,000, वासरामागे 16,000 रुपये सरकारी मदत होती. पण नुकतीच गाय गेलेल्या घरात आधी बसायचं की आधी पंचनाम्याचा कागद काढायचा?

असं बोलणं शिकवताही येतं. ब्रिटनमध्ये 2021 साली ‘फार्म व्हेट चॅम्पियन्स’ हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू झाला. प्रतिजैविकांचा जबाबदार वापर हा त्याचा गाभा. शेतकऱ्याची सवय बदलेल असं बोलणं त्याच्याच ओघात येतं. वैद्यकीय शिक्षणात तर सोंग घेऊन संवादाचा सराव जुनाच आहे: एक डॉक्टर, एक रुग्ण, बाकीचे निरीक्षक.

मराठवाड्यासाठी असा खेळ रचायचा, तर भूमिकांच्या चिठ्ठ्या गोठ्यातूनच मिळतील. एकीवर ‘गाय सात महिन्यांची गाभण, लस नको’. दुसरीवर ‘कालच इंजेक्शन दिलं, कुणी दिलं ते सांगणार नाही’. मालक झालेल्या विद्यार्थ्याने हट्ट सोडायचा नाही. डॉक्टर झालेल्याला पहिली दोन मिनिटं फक्त ऐकायचं, सिरिंज खिशातच ठेवून.