जोडीची पाने : प्राचीन इजिप्तचा पाठ

प्राचीन इजिप्तचा पाठ शिकविताना शिक्षकांपुढे एक अडचण असते. पिरॅमिड, पापायरस हे शब्द बालके पाठ करतात. परंतु त्यांतून कोणतेही चित्र मनासमोर उभे राहत नाही. मुकुटबन परिसरातील ज्या बालकांची घरची भाषा कोलामी वा तेलुगू आहे, त्यांना तर पाठ्यपुस्तकाची मराठीही नवी असते. अशी बालके वर्गात मूक राहतात. त्यांना बोलते करण्यासाठी पुढील खेळ उपयोगी पडेल.

साहित्य : जुन्या लग्नपत्रिकांचे सारख्या आकाराचे 12 तुकडे कापावेत. सहा पानांवर इजिप्तमधील वस्तूंची व सहांवर बालकांच्या परिचयातील वस्तूंची चित्रे काढावीत.

जोड्या :

1. नाईल नदी – काळी माती. इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशातील पावसाने नाईलला पूर येई व काळा गाळ शेतांवर पसरे. आस्वानचे उंच धरण 1970 मध्ये पूर्ण झाले आणि हे चक्र थांबले. आपली काळी माती मात्र मुख्यतः काळ्या पाषाणाच्या झिजेतून झाली आहे.
2. शादूफ – मोट. दोन्ही पाणी उपसण्याची साधने. शादूफच्या आडव्या दांड्याच्या एका टोकास बादली व दुसऱ्या टोकास वजन असते. मोट बैल ओढीत. मोटेची माहिती बालकांनी आजोबांना विचारून आणावी.
3. पिरॅमिड – चुनखडीचा दगड. गिझा येथील खुफू राजाचा पिरॅमिड मुख्यतः चुनखडीचा असून त्याची मूळ उंची सुमारे 146 मीटर होती. आपल्या भागातही चुनखडी आहे. तिचा तुकडा वर्गात ठेवावा.
4. जवस – कापूस. इजिप्तचे लोक जवसाच्या खोडातील धाग्याचे वस्त्र विणीत. आपण कापसाच्या बोंडातून सूत काढतो.
5. पापायरस – वही. पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतीच्या खोडाच्या पट्ट्या आडव्याउभ्या दाबून लिहिण्याचे पान होई.
6. रोझेटा शिला – चलनी नोट. शिलेवर एकच मजकूर तीन लिपींत आहे. त्याच्या आधारे 1822 मध्ये शांपोल्यों यांनी इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा केला. आपल्या नोटेवरही एकच रक्कम अनेक भाषांत लिहिलेली असते.

खेळण्याची रीत : चार बालकांचा गट करावा. पाने पालथी मांडावीत. प्रत्येकाने पाळीने दोन पाने उलटावीत. जोडी जुळली तरी ती लगेच देऊ नये. ‘साम्य कोणते?’ व ‘भेद कोणता?’ या दोन प्रश्नांची उत्तरे दिल्यावरच जोडी त्याची व्हावी. हा नियम खेळाचा प्राण होय. तो वगळल्यास केवळ पानांची जागा लक्षात ठेवणारा जिंकेल व इतिहास बाजूस राहील. भेद विचारला नाही, तर इजिप्त म्हणजे दुसरे यवतमाळच, असा ग्रह होण्याचा संभव आहे.

बालकाने उत्तर प्रथम आपल्या बोलीत दिले तरी स्वीकारावे. नंतर सोबत्याच्या साहाय्याने ते मराठीत सांगवून घ्यावे. रोझेटा शिलेचे मर्म त्याला त्याच वेळी उमगेल, कारण दोन भाषांतील दुवा तो स्वतःच झालेला असेल.

शाळेत पत्ते कशाला, अशी शंका पालक घेतील. येथे पैज नाही, हे त्यांना सांगावे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याच्या 120 पानांवर विष्णूचे दहा अवतार चितारलेले असतात, हेही दाखवून द्यावे. शक्य तर पालकांनाच एक डाव खेळावयास बसवावे. मोटेच्या पानाचा भेद ते शिक्षकांहून अधिक चांगला सांगतील.