कोल्हापूरच्या टाऊन हॉलमध्ये ग्रीकांचा समुद्रदेव काय करतोय?

टाऊन हॉल म्युझियमला शाळेच्या सहलीत तुम्हीही गेला असाल. तिथं ब्राँझची एक छोटी मूर्ती आहे. दाढीवाला, उघड्या अंगाचा देव. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव.

कोल्हापुरात समुद्र नाही, मग हा आला कुठून? तर ब्रह्मपुरीतून. पंचगंगेकाठच्या या टेकाडावर १९४४-४५ च्या सुमारास प्रा. के. जी. कुंदणगार यांना ब्राँझच्या वस्तूंचा साठाच मिळाला. त्यात ही मूर्ती होती, सुरई होती, आरसा होता, हत्तीवर बसलेले स्वार होते. लगेच १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. ग. दीक्षित यांनी तिथं रीतसर उत्खनन केलं आणि सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली.

आता खरी गंमत. देव ग्रीक, मग याला रोमन वस्तू का म्हणतात?

कारण रोम घडलंच शेजाऱ्यांकडून घेत घेत. दंतकथा सांगते की, इ.स.पू. ७५३ मध्ये रोम्युलसने शहर वसवलं. प्रत्यक्षात टायबर नदीकाठच्या टेकड्यांवर झोपड्यांच्या वस्त्या होत्या, त्याच हळूहळू एक झाल्या. उत्तरेला एट्रुस्कन लोक, दक्षिणेला ग्रीकांच्या वसाहती. रोमची लिपी मुळात ग्रीकांची, पण आली एट्रुस्कनांमार्फत. परंपरेनुसार रोमचे शेवटचे राजेही एट्रुस्कन घराण्यातलेच. नेपच्यून हा रोमनांचा आधी गोड्या पाण्याचा देव होता. ग्रीकांशी संबंध वाढले आणि तोच पोसायडन ठरला. आपल्याकडे एखादा गावदेव पुढे शंकराचा अवतार ठरतो ना, तसंच काहीसं. त्यामुळे रोमन साम्राज्यातले कारागीर ग्रीक घडणीचे देव सर्रास ओतायचे.

व्हॉट्सॲपवर फिरतं तसं ‘कोल्हापुरात रोमन राहायचे’ असं मात्र यावरून म्हणता येत नाही. माल यायला माणूस राहावा लागत नाही. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण, तेर, कल्याण, सोपारा यांची नावं आहेत. तिथून कापड जायचं, बदल्यात वाइन आणि नाणी यायची. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने केली होती.

आणि आपल्या लोकांना त्या नाण्यांची हौसही होती. त्यांच्या मातीच्या नकला करून दागिन्यासारख्या घालायचे. तशा नकला धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडल्या आहेत.