सापशिडीतला तोंडी हिशेब



सापशिडी आपण सगळेच खेळतो. पण सोंगटी कशी चालवता? 'एक, दोन, तीन' म्हणत घराघरावर टेकवत ना? मीही तशीच चालवायची. त्यात खेळ होतो, हिशेब होत नाही. वर्गात तोंडी हिशेब सुरू झाले की मी बाकाखाली बोटे मोजायची. माझे उत्तर येईपर्यंत गुरुजी पुढच्या प्रश्नावर गेलेले असायचे.

मे महिन्याच्या सुट्टीत आजीने माझा खेळ पाहिला. आजीला लिहिता येत नाही. पण ती रोह्याच्या बाजारात वालाच्या शेंगा विकते. 40 रुपयांचे 3 वाटे घेऊन कोणी 200 ची नोट दिली, तर 80 रुपये परत द्यायला तिला कागद लागत नाही. ती म्हणाली, "पोरी, बोट टेकवू नको पटावर. कुठं जाणार ते आधी तोंडानं सांग, मगच सोंगटी हलव. चुकलीस तर दान गेलं!"

एवढा एकच नियम, पण खेळ भलताच अवघड झाला. समजा, सोंगटी 47 वर आहे आणि दान पडले 8. 47 ला 3 दिले की 50 झाले. उरले 5. म्हणून 55. असा आधी दहाचा टप्पा गाठायचा. पहिल्या दिवशी माझी 5 दाने गेली आणि मी रडले. धाकट्या भावाचीही गेली, म्हणून जरा बरे वाटले.

सापाने गिळले की वजाबाकी. आमच्या पटावर 87 चा साप 24 वर सोडतो. किती घरे गेली? 24 ला 6 देऊन 30, मग 50 देऊन 80, वर 7. गेली 63 घरे! हे सांगितल्याशिवाय पुढचे दान मिळत नाही.

या खेळाचे जुने नाव मोक्षपट. त्यात शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. संत ज्ञानेश्वरांनी तो केला असे परंपरेने सांगतात. पुढे 19 व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात त्याचे छापील पट निघाले.

आमचा पट जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला आहे. 1 म्हणजे पेण, 100 म्हणजे रोहा, आणि मधल्या कासू, नागोठणे, निडी या स्टेशनांवर शिड्या. फासे मात्र फसले. पेणला गणपतीचे कारखाने पुष्कळ, तिथून मामाने शाडूची माती आणून दिली. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज 7 हवी, म्हणून 1 समोर 6, 2 समोर 5, 3 समोर 4 अशी भोके पाडली. वाळल्यावर एक फासा 60 वेळा टाकून पाहिला. प्रत्येक आकडा 10 च्या आसपास यायला हवा होता. 3 आला 21 वेळा! म्हणजे 4 ची बाजू जड झाली होती. शेवटी दुकानातले फासे आणले.

आम्ही दोन फासे टाकतो. त्यांची बेरीज घ्यायची की वजाबाकी, हे ज्याचे त्याने ठरवायचे. जायचे मात्र पुढेच. 58 वर असताना 6 आणि 4 पडले आणि 68 वर साप असला, तर 2 च घ्यावे आणि 60 वर गुपचूप बसावे.

100 वर नेमके पोचावे लागते. बाबा नेहमी 93 वर थांबायला बघायचे. दोन फाशांची दाने 36 प्रकारे पडतात, त्यांत 7 ची बेरीज सगळ्यांत जास्त, 6 प्रकारे येते. मी पाटीवर सगळी 36 दाने मांडली. तेव्हा लक्षात आले, की आपल्याकडे वजाबाकीही चालते! 99 वर बसले तर फक्त 1 हवा. 2 आणि 1, 3 आणि 2, 4 आणि 3, 5 आणि 4, 6 आणि 5. हीच उलटी धरून झाली 10. म्हणजे 93 पेक्षा 99 बरे. बाबांना पटेना. त्यांनी स्वतः मांडून पाहिले, मग हसले.

आता आमच्या घरी सगळेच 99 वर जाऊन बसायला धडपडतात. आजी म्हणते, "तिथं एक साप काढा."

— एक विद्यार्थिनी, इयत्ता 4 थी