पहिला मणी कोणता निघाला?

शहाद्याहून नंदुरबारला येताना एस.टी.त पुढच्या बाकावर अकरावी-बारावीतली दोन मुले मोबाईलवर मोटारशर्यतीचा खेळ शोधत होती. एका खेळावर बोट टेकणार, एवढ्यात दुसरा म्हणाला, "दोनच तारे आहेत, राहू दे." प्रकाशाचा पूल येईपर्यंत त्यांनी भरपूर तारे मिळवलेला दुसरा खेळ उतरवूनही घेतला. पहिला खेळ खरोखर वाईट होता का? ते त्यांना आता कळणार नाही. तो चांगला निघाला असता, तर त्याला मिळू शकणारी दोन मतेही बुडाली.

ऑक्टोबर २०१४ मध्ये इंग्लंडच्या इव्होल्यूशन स्टुडिओजने प्लेस्टेशन ४ साठी 'ड्राइव्हक्लब' हा शर्यतीचा खेळ आणला. नॉर्वे, चिली यांच्याबरोबर भारतातले रस्तेही त्यात होते. गट करून खेळणे हे त्याचे वैशिष्ट्य. पण खेळाडूंना जोडणारे सर्व्हरच पहिल्या दिवसांत भाराखाली कोलमडले. पैसे मोजून घेतलेली वस्तू चालेना, तेव्हा लोकांचा राग रास्तच होता. पुढे दुरुस्त्या झाल्या. डिसेंबरमध्ये खेळात पाऊस आणि बर्फ आले, आणि गाडीच्या काचेवर वेगाबरोबर ओघळणाऱ्या थेंबांची जाणकारांनी मनापासून वाखाणणी केली. तरीही मार्च २०१६ मध्ये स्टुडिओ बंद झाला, २०१९ मध्ये खेळाची विक्री थांबली आणि २०२० मध्ये सर्व्हरही. हे सारे पहिल्या आठवड्यामुळेच घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण एकदा तोंड फिरवलेल्यांपैकी किती जण तो पाऊस पाहायला परतले असतील?

याचे गणित वर्गात करून पाहता येते. एका डब्यात एक लाल आणि एक पांढरा मणी टाका. न पाहता एक मणी उचला. तो परत टाका आणि त्याच रंगाचा आणखी एक टाका. असे वीस वेळा करा. याला गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांच्या नावावरून 'पोल्याचा कलश' म्हणतात. पहिला मणी लाल निघाला की पुढच्या खेपेला लाल येण्याची शक्यता १/२ वरून २/३ होते. शेवटी डब्यात २२ मणी असतील. त्यांत लाल किती? १ पासून २१ पर्यंत कोणतीही संख्या, आणि गंमत अशी की प्रत्येक संख्येची शक्यता अगदी सारखी, १/२१! नाणेफेकीत निकाल मध्याजवळ गोळा होतात, तसे इथे होत नाही. प्रत्येक गटाचा डबा वेगळीच कहाणी सांगतो, आणि दोन्ही रंग तर गुणाने सारखेच होते.

आता २०-२० मण्यांनी सुरुवात करा. पहिल्या चार-पाच खेपांनी फारसे काही बिघडत नाही. 'ग्रॅन टुरिस्मो' ही १९९७ पासूनची मालिका. तिच्या सातव्या खेळात मार्च २०२२ मध्ये बक्षिसे घटवली गेली आणि तीस तासांहून अधिक काळ सर्व्हर बंद राहिले. खेळाडूंनी गुण रसातळाला नेले, निर्मात्यांनी माफी मागितली, आणि खेळ तरला. डब्यात जुने मणी भरपूर होते. (शाळेत नव्याने आलेल्या मुलाच्या पहिल्या चाचणीबद्दल आपण शिक्षकखोलीत काय बोलतो, तेही यानिमित्ताने आठवून पाहावे.)

मग गुणवत्तेला काहीच किंमत नाही? २००६ मध्ये सालगनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी १४,३४१ जणांना ४८ अनोळखी गाणी ऐकवली. त्यांतल्या काही जणांना आठ वेगळ्या गटांत विभागले आणि आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी घेतले, हे दाखवले. गटागणिक अव्वल गाणी बदलली. उत्तम गाणी क्वचितच तळाला गेली, टाकाऊ क्वचितच वर आली. मधल्यांचे मात्र काहीही झाले. मुंबईच्या मिनर्व्हात १५ ऑगस्ट १९७५ ला लागलेल्या 'शोले'चे सुरुवातीचे स्वागत थंड होते; पुढे तो तिथेच पाच वर्षे चालला. पण चित्रपटगृहाने तो तोवर उतरवला नव्हता, हेही ध्यानात घ्या.

हेही डब्यात दाखवता येईल. १ लाल आणि ९ पांढरे मणी घ्या. दर चौथ्या खेपेला मणी न उचलता सरळ एक लाल टाका. हे स्वतः खेळून मत देणारे खेळाडू. लाल निम्म्यावर येईपर्यंत मोजत राहा. डब्यात सरासरीने शंभरएक मणी जमावे लागतात, तेव्हा बाजारातून एखादे पाकीट जास्तीचे आणून ठेवा.