कर्जदार विद्यार्थ्याशी बोलणार कोण?

पांढुर्णा आणि सौंसर ही नावे गोमंतकातील वाचकांच्या कानांवर क्वचितच पडत असतील. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्यातील हे दोन मराठीबहुल तालुके मात्र मध्य प्रदेशातच राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या दोहोंचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्री व कापूस ही तेथील पिके, नागपूर ही जवळची मोठी बाजारपेठ, घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, असा तेथील जीवनक्रम आहे. अशा मुलखातील विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढतो, तेव्हा त्याचे आणि बँकेचे नाते नेमके कोणत्या स्वरूपाचे असते, हा प्रश्न तेथल्यापुरता मर्यादित नाही.

शैक्षणिक कर्जाची सध्याची घडी भारतीय बँक संघाने २००१ साली आखलेल्या आदर्श योजनेने बसवली. त्या योजनेनुसार चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात. शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्षाने हप्ते सुरू होतात. ही सवलत मोलाची आहे. परंतु हप्ते थांबले म्हणून व्याज थांबत नाही, ही गोष्ट संत्र्याच्या बागेवर घर चालवणाऱ्या सहकर्जदाराला कोणी समजावून सांगितलेली असते काय?

हिशेब अगदी साधा आहे. चार वर्षांच्या शिक्षणक्रमासाठी दरवर्षीच्या आरंभी एक लाख रुपये घेतले आणि सरळव्याजाचा दर दहा टक्के धरला, तर पाचव्या वर्षाच्या अखेरीस व्याजच एक लाख चाळीस हजारांवर जाते. म्हणजे पहिला हप्ता भरण्यापूर्वीच चार लाखांचे ऋण पाच लाख चाळीस हजारांचे झालेले असते. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतील, तांत्रिक वा व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे या काळातील व्याज केंद्र सरकारने भरावे, अशी योजना २००९ पासून आहे. पण तिचा लाभ मिळवायचा, तर उत्पन्नाचा दाखला वेळेत शाखेत पोचला पाहिजे. आणि तो पोचावयाचा, तर कोणीतरी आठवण करून दिली पाहिजे.

येथेच खरे वैगुण्य आहे. कर्ज देताना बँक विद्यार्थ्याशी बोलते. त्यानंतर ती बोलते, ती बहुधा हप्ता चुकल्यावर. मधली चार-पाच वर्षे दोन्ही पक्षांचे मौन. तेवढ्यात विद्यार्थ्याचा पत्ता बदलतो, दूरध्वनीचा क्रमांक बदलतो, शाखेतील अधिकाऱ्याचीही बदली होते. मग नव्वद दिवसांची थकबाकी झाली, की खाते अनुत्पादित ठरते आणि गावातल्या वडिलांच्या दारी वसुलीचा माणूस उभा राहतो. वास्तविक, बेकारीच्या काळात हप्ते काही काळ पुढे ढकलण्याची सोय २०१५ च्या सुधारित योजनेत आहे. परंतु सवलत असते हेच ज्याला ठाऊक नाही, तो ती मागणार कशी? नोकरी मिळाली नाही म्हणून शरमलेला मुलगा बँकेचे तोंड चुकवतो. बँक त्याला बुडवा समजते. अप्रामाणिकपणापेक्षा हा अबोलाच पुष्कळदा कर्ज बुडवतो.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी एक चांगला दंडक घातला. व्याज, आकार आणि अटी यांचे मुख्य तथ्यपत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत दिले पाहिजे, असा तो दंडक आहे. पांढुर्ण्याच्या सहकर्जदाराला बाजारातली हिंदी उत्तम कळते, हे खरे; पण कचेरीची हिंदी निराळी. लिपी एकच असल्यामुळे अक्षरे वाचता येतात आणि अर्थ मागे राहतो. तेथील शाखांनी हे पत्रक मराठीत द्यावे, ही मागणी भाषाभिमानाची नव्हे, साध्या व्यवहाराची आहे.

सावकाराचे व्याज जाचक होते, यात शंका नाही. परंतु ऋणकोच्या घरात लग्न कधी आणि बहार कसा, हे त्याला ठाऊक असे. बँकांनी सावकाराचा धंदा घेतला, ओळख मात्र घेतली नाही. १९६९ साली धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी क्षेत्रवार जबाबदारी घ्यावी, असे सुचवले आणि त्यातूनच जिल्ह्याला अग्रणी बँक ही कल्पना पुढे आली. त्या क्षेत्राची बोली, पिके आणि आवक यांची जाण असल्याखेरीज ही जबाबदारी पुरी होत नाही.

करावयाचे ते फार खर्चाचेही नाही. दरवर्षी एकदा विद्यार्थी व पालक या दोघांनाही त्यांच्या भाषेत शिल्लक ऋणाचा हिशेब पाठवावा. पहिल्या हप्त्याच्या सहा महिने आधी दोघांना शाखेत बोलावून नोकरीची चौकशी करावी आणि उपलब्ध सवलती सांगाव्या. अधिकारी बदलला, तर नव्याचे नाव कळवावे. विद्यार्थ्यानेही नवा पत्ता, निकाल व नोकरी यांची वर्दी स्वतःहून द्यावी आणि अडचण आली तर हप्ता चुकण्यापूर्वी शाखेची पायरी चढावी.

आपल्याकडे गोवा शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी शैक्षणिक कर्ज देते. पण बिनव्याजी झाले तरी ते कर्जच, आणि परत आलेल्या पैशातूनच पुढच्या विद्यार्थ्याला हात देण्याची ऐपत येते. तेव्हा पांढुर्ण्याचा धडा पणजीलाही लागू आहे. वसुलीची नोटीस हे बँकेचे विद्यार्थ्याला दुसरे पत्र असता कामा नये. त्यापूर्वी निदान पाच पत्रे गेलेली असावीत, आणि ती त्याच्या आईवडिलांना वाचता यावीत.