पिंजरा लावल्यानंतर

जुन्नर वनविभागाने 2001 साली जे केले ते त्या वेळी कुणालाही योग्यच वाटले असते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत गोठ्यातली शेळी, अंगणातले कुत्रे उचलले जात होते. अधूनमधून माणसावरही हल्ला होत होता. लोकांचे म्हणणे एकच होते : पिंजरा लावा. पिंजरे लागले. पुढच्या तीन वर्षांत शंभराच्या आसपास बिबटे पकडले गेले आणि त्यांतले काही सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. शेतकऱ्याची काळजी मिटली आणि जनावराचा जीवही वाचला, असा दुहेरी दिलासा त्यात होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर या मोहिमेचा हिशेब मांडला. 2011 साली 'कॉन्झर्व्हेशन बायोलॉजी' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला, आणि त्यातले आकडे दिलासा देणारे नव्हते. मोहिमेआधीच्या वर्षांत, म्हणजे 1993 ते 2001 या काळात, माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते. मोहीम सुरू झाल्यावर ते वर्षाला 17 वर गेले. हल्ल्यात माणूस दगावण्याचे प्रमाण दुपटीने वाढून 36 टक्क्यांवर पोहोचले. वस्तीजवळचा शिकारी प्राणी हलवला की धोकाही हलतो, ही आपली समजूत इतकी सहज आहे की ती तपासावी असे वाटतच नाही. जुन्नरने ती तपासली. किंमत मात्र तिथल्या माणसांनी मोजली.

यावर पहिली शंका रास्त आहे. हल्ले वाढले म्हणून पिंजरे वाढले असतील. मग पिंजऱ्यांमुळे हल्ले वाढले असे कसे म्हणायचे? त्या वर्षांत बिबट्यांची संख्याच वाढली असेल, असेही कुणी म्हणेल. पण नुसत्या संख्यावाढीने एक गोष्ट उलगडत नाही. बिबटे जिथे नेऊन सोडले त्या जंगलांच्या आसपासही, जिथे असे प्रकार फारसे नव्हते, हल्ले होऊ लागले. शिवाय सोडलेला बिबट्या सोडल्या जागी राहत नाही, हे नंतर रेडिओ कॉलरने दाखवून दिले. 2009 साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडलेला एक वयस्क नर बाहेर काढून, कॉलर लावून माळशेज घाटात सोडण्यात आला. अभ्यासकांनी त्याला 'आजोबा' म्हटले. पुढे 2014 साली त्याच नावाचा मराठी चित्रपटही आला. या आजोबाने महिन्याभरात सव्वाशेच्या आसपास किलोमीटर अंतर कापले, महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडले, वसईची खाडी पार केली आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा उत्तर भाग गाठला. वाटेत त्याने एकाही माणसाला हात लावला नाही, हा त्याचा भलेपणा म्हणायचा. पण अनोळखी मुलखातून, ठाऊक नसलेल्या विहिरी, कुत्री आणि माणसे यांच्यामधून रात्री वाट काढणारे जनावर आपल्या जागी मुरलेल्या जनावरापेक्षा अधिक बिथरलेले असणार, हे समजायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही.

उचलून जंगलात सोडण्यामागे एक गृहीतक आहे, आणि ते प्राणिप्रेमी आणि त्रासलेले गावकरी दोघेही आपापल्या सोयीने मानतात : जंगल तोडले म्हणून बिबट्या बाहेर आला. मुंबईच्या कडेला यात तथ्य आहे. पण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या बागायती पट्ट्यात ते लागू पडत नाही. तिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात आणि जंगल नावालाही नाही. त्या पट्ट्यात कॅमेरा ट्रॅप लावून केलेल्या अभ्यासात दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले, जवळपास तितकेच तरसही. 2013 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा शहरातल्या वाचकांना धक्का बसला. अकोल्यात तो कुणालाच बसला नसावा. त्याच भागातल्या विष्ठेच्या तपासणीतून दिसले की बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, 39 टक्के, कुत्र्यांचा आहे. शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही त्यांचा वाटा 11 टक्क्यांच्या आसपासच भरला, कारण शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रे मोकळे. कालव्याचे पाणी आले, ऊस आला. आडसाली ऊस तर दीड वर्ष रानात उभा असतो. त्याच्या आत गारवा, आडोसा आणि शांतता असते, आणि माणूस आत शिरतो तो थेट तोडणीला. फडात कोयता चालू झाला की पाचटात बछडी सापडतात ती याच कारणाने. अलीकडे अनेक ठिकाणी वनखात्याचे लोक ती बछडी उचलून नेत नाहीत. जिथे सापडली तिथेच संध्याकाळी क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि बाजूला होतात. रात्री आई येते, क्रेट कलंडवते, एकेका पिल्लाला मानेला धरून नेते. उसात जन्मलेल्या या पिल्लांना परत कुठल्या जंगलात पाठवायचे? त्यांचे घर म्हणजे तो फडच.

हा अनुभव केवळ बिबट्याचा नाही. उत्तर अमेरिकेत कायोटी नावाचा प्राणी आहे, कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान, वजनाने बारा-पंधरा किलोचा. त्याला संपवण्यासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने विसाव्या शतकाचा मोठा भाग खर्च केला. 1931 साली त्यासाठी खास कायदा झाला. सापळे झाले, विष झाले, हेलिकॉप्टरमधून गोळ्याही झाल्या. 1972 साली अध्यक्ष निक्सन यांनी केंद्राच्या मालकीच्या जमिनींवर विषप्रयोगाला बंदी घातली, पण मारणे थांबले नाही; आजही सरकारी यंत्रणा दरवर्षी हजारोंच्या संख्येने कायोटी मारते. फलित काय? मुख्यतः पश्चिमेच्या गवताळ प्रदेशातला हा प्राणी आज हवाई सोडून अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत आहे आणि पनामापर्यंत पोहोचला आहे. लांडगे संपवल्याने त्याला मोकळे रान मिळाले, हे एक कारण. दुसरे त्याच्या प्रजननात आहे. एरवी टोळीतली मुख्य जोडीच पिल्ले घालते. टोळी फुटली की तरुण माद्याही विऊ लागतात, आणि संख्या घटून खायला मुबलक झाले की एका वेतातली जास्त पिल्ले जगतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात 1975 साली कॉनोली आणि लाँगहर्स्ट यांनी गणिती प्रतिरूप मांडले, त्याचे उत्तर असे होते की दरवर्षी तीन चतुर्थांश कायोटी मारले, तरी ते नामशेष व्हायला पन्नासहून अधिक वर्षे लागतील.

शिकागोत या प्राण्याचा अभ्यास स्टॅनली गर्ट 2000 सालापासून करत आहेत. वर्षभरापुरता म्हणून सुरू झालेला हा प्रकल्प अजून चालू आहे. त्यांच्या कॉलरनी दाखवलेले चित्र असे : शहरात टोळ्यांनी जागा वाटून घेतल्या आहेत, एकेका टोळीकडे सरासरी पाच चौरस किलोमीटर. या टोळ्यांच्या मधून, कुणाच्याच हद्दीत जम न बसलेले एकटे प्राणी फिरत असतात, आणि एखादी जागा रिकामी होण्याचीच ते वाट पाहत असतात. 2007 साली शिकागोच्या भर बाजारपेठेत एक कायोटी सँडविचच्या दुकानात शिरला आणि शीतपेयांच्या कपाटात, बाटल्यांच्या खालच्या कप्प्यात अंग मुडपून बसला. गिऱ्हाइके फोटो काढत राहिली; त्याने कुणाला काही केले नाही. अशा प्राण्यांची छायाचित्रे जगभर फिरतात. जागा धरून राहिलेले शेकडो मात्र कुणाच्या नजरेस पडत नाहीत, कारण न दिसणे हेच त्यांच्या जगण्याचे तंत्र आहे. त्यांच्या विष्ठेत शिकागोच्या अभ्यासकांना मुख्यतः उंदरांसारखे लहान प्राणी, फळे, हरणे आणि ससे सापडले. मांजरे जेमतेम 1 टक्क्याच्या वर. (लॉस एंजेलिसमध्ये मांजरांचे प्रमाण बरेच जास्त आहे, तेव्हा शिकागोचा आकडा सगळीकडे लावू नये.) हद्दीतले कायोटी काढले तर काही महिन्यांत तिथे दुसरे येतात, आणि नव्याने आलेल्याला कुठे भुंकणारे कुत्रे आहे, कुठल्या रस्त्यावर रात्री गाड्या नसतात, यातले काहीच माहीत नसते.

आता पुन्हा बिबट्याकडे. मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे आहे. तीन बाजूंनी शहर. 2018 च्या कॅमेरा ट्रॅप गणनेत उद्यान आणि लगतच्या भागात 47 बिबटे मोजले गेले. इतके बिबटे तिथे जगतात ते चितळांवर आणि कचऱ्यावर पोसलेल्या भटक्या कुत्र्यांवर. एका अभ्यासगटाने 2018 साली अंदाज मांडला की हे बिबटे वर्षाला दीड हजाराच्या आसपास कुत्री खातात आणि त्यामुळे सुमारे हजार श्वानदंश टळतात. हा अंदाज आहे, त्यात गृहीतके बरीच आहेत. बिबट्याची बाजू मांडताना तो छातीठोकपणे फेकला जातो ते मला रुचत नाही. त्याहून बोलका आहे तो 2021 सालचा आरेतला प्रसंग. त्या पावसाळ्याच्या अखेरीस उद्यानाला लागून असलेल्या आरे कॉलनीत एकामागून एक हल्ले झाले. मुंबईतल्या बऱ्याच बिबट्यांची अंगावरच्या ठिपक्यांवरून नोंद झालेली आहे, प्रत्येकाला क्रमांक आहे. कॅमेऱ्यांतून संशय सी-32 या बिबट्यावर गेला. पिंजरे लागले, एक बिबट्या अडकला, लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ठिपके जुळवून पाहिले तर तो निघाला सी-33, म्हणजे त्याचे भावंड. सी-32 त्यानंतर पकडला गेला. ठिपक्यांची नोंदवही नसती तर सी-33 गजाआड जाऊन प्रकरण मिटले असे जाहीर झाले असते आणि हल्लेखोर बाहेरच राहिला असता. पिंजऱ्यातली शेळी हल्लेखोर निवडून आणत नाही, ती भुकेला आणि बेसावध असा कोणताही बिबट्या आणते. आणि राज्याच्या ग्रामीण भागात, जिथे पिंजरे सर्वांत जास्त लागतात, तिथे अशी नोंदवही बहुतेक ठिकाणी नाही.

आता खरा आक्षेप. कायोटीने माणूस मारल्याच्या पक्क्या नोंदी अमेरिका आणि कॅनडा मिळून दोनच आहेत, 1981 ची कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलमधली आणि 2009 ची नोव्हा स्कॉशियातली. बिबट्याची गोष्ट वेगळी. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तिघांचा जीव गेला. त्यात पाच वर्षांची मुलगी होती, तेरा वर्षांचा मुलगा होता. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. अखेर एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. ज्याच्या अंगणातून लेकरू गेले त्याच्यापुढे अभ्यासांचे आकडे ठेवणे निर्दयपणाचे आहे, आणि शहरातल्या सुरक्षित इमारतीत बसून सहजीवनाचे धडे देणाऱ्यांविषयी त्या भागात जी चीड आहे ती मला योग्य वाटते. माणसाला भक्ष्य मानू लागलेला बिबट्या काढलाच पाहिजे, आणि लवकर. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला छेद देत नाही. कायोटीच्या बाबतीत चुकीचा प्राणी उचलला तर फार तर एखादे मांजर जाईल. इथे चुकीचा बिबट्या उचलला तर पुढचा बळी माणसाचा असेल. धोका मोठा असल्यामुळेच नेम चुकवून चालत नाही. पाचपन्नास पिंजरे लावून मिळेल तो बिबट्या उचलणे ही कठोर कारवाई वाटते, प्रत्यक्षात ती ढिसाळ असते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांतही सरसकट पकडण्या-सोडण्याला विरोध आहे. त्या पाळायच्या तर प्रत्येक गावात आधी बिबट्यांची ओळख करून ठेवावी लागेल, आणि ते काम हल्ल्यानंतर होत नाही, हल्ला नसतानाच्या वर्षांत होते. त्या वर्षांत पैसा मागायला कुणी जात नाही.

राहिला संख्येचा प्रश्न. बिबटे फार झाले, कमी करा, ही मागणी आता उघडपणे होते, आणि जुन्नर भागात केंद्राने मोजक्या बिबट्यांच्या नसबंदीला प्रायोगिक परवानगी दिली आहे. मला हा पर्याय पिंजऱ्यापेक्षा विचार करण्याजोगा वाटतो, आणि त्याचे कारणही कायोटीकडेच आहे. यूटामध्ये ब्रॉम्ली आणि गीज या संशोधकांनी काही कायोटींची शस्त्रक्रियेने नसबंदी केली, पण त्यांना त्यांच्याच हद्दीत परत सोडले. त्यांनी हद्द सोडली नाही, बाहेरच्यांना आत येऊ दिले नाही, आणि पिल्ले पोसायची नसल्याने मेंढ्या मारणे बरेच कमी केले. बिबट्या जोडीने राहत नाही, त्यामुळे हे निकाल जसेच्या तसे इथे लागू होणार नाहीत. पण अट तीच राहते : शस्त्रक्रिया झालेला बिबट्या त्याच शिवारात परत सोडावा लागेल. तो माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात किंवा परराज्यात पाठवला, तर नसबंदीचा सगळा खर्च वाया जाऊन शिवारात पुन्हा मोकळी जागा उरते. पकडलेला बिबट्या आपल्याच गावात परत सोडू देईल, अशी ग्रामसभा आज शिरूरमध्ये मिळेल का? अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यात वसुबारसेच्या दिवशी वाघबारस पाळतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. तिथे कदाचित मिळेल. उसाच्या पट्ट्यात ती मिळवायची तर लोकांना आधी दुसरे काहीतरी द्यावे लागेल : कुत्र्या-शेळ्यांसाठी जाळीचे बंदिस्त गोठे, नुकसानभरपाई महिन्याच्या आत, आणि मुख्य म्हणजे दिवसाची वीज. शेतीपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीने रात्रीची मिळते, म्हणून शेतकरी मध्यरात्री बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला जातो, नेमक्या बिबट्याच्या वेळेला. दिवसा विजेसाठी राज्याने 2017 साली सौर कृषी वाहिनी योजना आणली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. कोणत्या फीडरला ती वीज आधी द्यायची हे ठरवताना बिबट्याच्या हल्ल्यांचा नकाशा शेजारी ठेवायला नवा कायदा लागत नाही, दोन खात्यांची एक बैठक लागते.